पल्लांगुळीतलं झाकलेलं घर

१५ मार्च, रविवार. चिंच फोडायला बसले आहे.

पोतं काल दुपारी आलं. तंजावरकडच्या तुझ्या चुलतभावाला तू जानेवारीतच सांगून ठेवलं होतंस, त्यामुळे तू असलीस-नसलीस तरी ते यायचंच होतं. तुझ्या सुंदररावांनी अर्धं ठेवून घेतलं आणि अर्धं रिक्षात घालून अण्णा नगरला माझ्याकडे पाठवलं, दरवर्षी तू पाठवायचीस तसंच. हॉलमध्ये वर्तमानपत्रं पसरली आहेत, विळी आहे, मिठाची बरणी आहे, आणि बाजूला तो स्टीलचा डबा, चिंचोके टाकायचा. चिंचोके केरात गेलेले तुला चालायचे नाहीत. किडके वेगळे, चपटे वेगळे, गोल गुळगुळीत वेगळे. मागच्या वर्षी मी म्हणाले होते, "पद्मा, व्हिडिओ गेमच्या कंपनीच्या दोन मालकिणी रविवारी जमिनीवर बसून चिंचोके निवडतायत, हे बाहेर कुणाला सांगू नकोस." तू मान वर न करता म्हणालीस, "सांगितलं तर शेअरचा भाव वाढेल ग."

हात चिकट होतात, म्हणून मधून मधून उठून धुते आणि चार ओळी लिहिते. रडगाणं लिहायला बसलेली नाही. ते मला जमत नाही आणि तुला आवडलंही नसतं. कंपनीतल्या कुठल्याही बैठकीत काय झालं ते मी तुला त्याच दिवशी सांगायची, तू बैठकीत हजर असलीस तरी, कारण तू ऐकताना कागदावर वाघ-शेळ्या काढत बसायचीस. परवा शुक्रवारी एक बैठक झाली. तिची हकिगत तुला सांगायची राहिली आहे. कुणाला सांगायची हेच ठरत नव्हतं, म्हणून उशीर झाला.

पण तिथवर यायला मागचं थोडं काढावं लागेल.

आपली ओळख शोळिंगनल्लूरला जाणाऱ्या ऑफिसच्या बसमधली. मी साताऱ्याची, नवऱ्याच्या बदलीमुळे इथे चेन्नईत येऊन पडलेली, एका सॉफ्टवेअर कंपनीच्या अकाउंट्समध्ये. तू त्याच कंपनीत प्रोग्रॅमर, तिरुवल्लिकेणीहून चढायचीस. मी फोनवर आईशी बोलत होते आणि तू शेजारी बसून सगळं ऐकत होतीस. फोन ठेवल्यावर म्हणालीस, "मी पण मराठीच बोलतें की. आमचे लोक तीनशे वर्षांपासून इकडं आहेत." मी तुझ्याकडे बघत राहिले. शब्द मराठी, चाल तमिळ, आणि मधेच एखादा शब्द माझ्या पणजीच्या तोंडचा. मी म्हणाले, "तुमचं मराठी जरा जुनं आहे." तू म्हणालीस, "तुमचं फार नवीन आहे. टिकेल का बघा." दुसऱ्या दिवसापासून तू माझ्यासाठी खिडकीची जागा धरून ठेवायला लागलीस आणि डब्यातलं डांगर माझ्या झाकणात वाढायला लागलीस. विचारायचंही नाही. वाढायचं.

त्या बसमध्येच तू मला पल्लांगुळी समजावलीस. लाकडी पाट, त्यात समोरासमोर सात-सात खळगे. खळग्याला घर म्हणायचं. घरात चिंचोके. एका घरातले उचलायचे आणि पुढच्या घरांत एकेक पेरत जायचं. पेरता पेरता कुठल्याही घरात चार झाले की ती 'पसू', म्हणजे गाय. आणि ज्याचं घर त्याची गाय, मग चौथी बी कुणीही टाकलेली असो. मी म्हणाले, "ठीक आहे, पण हे फोनवर कोण खेळणार?" तू म्हणालीस, "तू नाहीस. तू हिशेब बघ."

म्हणून मी हिशेब बघितला. तू नोकरी सोडलीस, मग वर्षभराने मी सोडली. कंपनीचं नाव 'चिंचोका' ठेवलं, तर आपल्या ऑफिसातल्या कुणालाही ते नीट म्हणता येईना. तामरै, आपली साउंडवाली, अजूनही 'सिंजोगा' म्हणते आणि वर मलाच विचारते की माझा उच्चार असा विचित्र का. तिरुवल्लिकेणीच्या तुझ्या घरी आवाज रेकॉर्ड केला तो दिवस आठवतो? पंखे बंद, खिडक्या बंद, फणसाच्या लाकडाचा तुझ्या आत्याचा पाट, तामरैच्या हातात माईक, आणि मी घाम पुसत भिंतीला टेकलेली. सगळं छान चाललं होतं. तेवढ्यात स्वयंपाकघरातून कुकरची शिट्टी झाली. सुंदररावांनी भात लावला होता. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. तामरै "अय्यो अंकल" म्हणून ओरडली. मी म्हणाले, पुन्हा घ्या. तू म्हणालीस, "पोदुम. पुरे. राहूं दे ती. हा खेळ घरात खेळतात, स्टुडिओत नाही." तर अजूनही आपल्या गेममध्ये नवा डाव सुरू झाला की लांबून ती शिट्टी ऐकू येते. ब्राझीलमधल्या एका बाईने लिहून विचारलं होतं, हा तुमच्याकडचा कोणता पक्षी? तू उत्तर पाठवलंस, हा पक्षी सकाळी आणि संध्याकाळी जेवणाच्या आधी ओरडतो.

तुझ्या एका सवयीवर मात्र मी शेवटपर्यंत वैतागलेली होते. कुणी भागीदार म्हणून यायचं म्हणाला, कुणाला पैसे गुंतवायचे असले, की तू त्याला आधी पाटासमोर बसवायचीस. कागद नंतर. प्रेझेंटेशन नंतर. आधी एक डाव. आणि तू मुद्दाम जिंकायचीस, कारण तुला समोरचा हरताना कसा वागतो ते बघायचं असायचं. बंगळूरहून तो चांगल्या कपड्यातला माणूस आला होता. निम्म्या डावात त्याच्या लक्षात आलं की आपण हरतोय. तो हसत म्हणाला, "हा नियम बदलला तर खेळ जास्त इंटरेस्टिंग होईल, नाही?" तू त्याला कॉफी दिलीस, लिफ्टपर्यंत सोडायला गेलीस, आणि परत येऊन मला म्हणालीस, "नको." मी महिनाभर तुझ्याशी धड बोलले नाही. आपल्याला त्या वेळी गरज होती. तो माणूस वाईट निघाला असता की चांगला, हे मला आजही माहीत नाही, आणि तुलाही नव्हतं. तू फक्त एवढंच म्हणालीस, "खेळाच्या मधे नियम बदला म्हणणारा भागीदार मला नको. माझं काम त्याच्याशी नाही."

मेई मात्र तुझ्या परीक्षेत पास झाली. सिंगापूरच्या त्या मोठ्या कंपनीने तिला पाठवलं होतं, आपली गेम बाहेरच्या देशांत विकण्याची बोलणी करायला. ती पाटासमोर बसली आणि हसायलाच लागली. तिच्या आजीकडे असाच पाट होता. त्यांच्याकडे त्याला चोंकाक म्हणतात. ती हरली, तुझ्या गायी तुझ्याकडे स्वतः सरकवत हरली, आणि शेवटी म्हणाली, "माझी आजी असती तर तुम्हाला सोडलं नसतं." तू त्याच दिवशी म्हणालीस, हिच्याबरोबर जाऊ. मग कंपनीची वाटणी झाली ती आजवर तशीच आहे. एक तृतीयांश तुझी, एक तृतीयांश माझी, पाव सिंगापूरची, आणि उरलेला तुकडा ऑफिसातल्या मुलामुलींचा.

भांडण लागलं ते गेल्या वर्षी, सिंगापूरला आणखी हवं झालं तेव्हा. त्यांना निम्म्याहून जास्त मालकी हवी होती. म्हणजे पुढच्या गेम कुठल्या करायच्या ते तिथे ठरणार, चित्रं आणि डिझाइन तिथे होणार, आणि शोळिंगनल्लूरला फक्त कोड लिहायचं काम राहणार. मी सरळ नाही म्हणाले. तू म्हणालीस, दे.

मला वाटलं तू दमलीस. नंतर कळलं, तू दमलेली नव्हतीस. तुला खरंच तसं वाटत होतं.

आपण किती ठिकाणी भांडलो त्यावर. ऑफिसच्या जिन्यात, तुमच्या देवळामागच्या गल्लीत, माझ्या गाडीत, मरीनाच्या रस्त्यावर सिग्नलला उभे असताना. मी म्हणायची, "ज्याचं घर त्याची गाय. हा तुझाच नियम." तू म्हणायचीस, "पण टाकणारा नसेल तर चौथी बी येईल कुठून? गाय होईल कशी?" मी म्हणायची, गेम आपल्या हातातून जाईल. तू म्हणायचीस, "जाऊ दे की. आमचे लोक इकडं आले तेव्हां सातारा बरोबर उचलून आणला काय? भाषा आणली, आमटी आणली, बाकीचं इथलं घेतलं. गेलेलं मरत नाही, वैशाली. बसून राहिलेलं मरतं."

"आणि तुमचं राज्य? ते राहिलं का तुमच्या हातात?"

तू इतकी हसलीस की शेजारच्या स्कूटरवाल्याने वळून बघितलं. "राज्य गेलं ग. स्वयंपाकघर राहिलं."

"मला दोन्ही हवं आहे," मी म्हणाले.

"तूं साताऱ्याचीच," तू म्हणालीस.

तो शनिवार होता. तिरुवल्लिकेणीला तुमच्या गल्लीच्या तोंडाशी तू उतरलीस, दार लावलंस, पुन्हा उघडलंस, आणि वाकून म्हणालीस, "सरी. बरं. सोमवारी बोलूं."

त्या वाक्यावर मी गेला महिना काढला आहे. तू मला मनवणार होतीस की स्वतः मान्य करणार होतीस? तुझ्या आवाजावरून काही कळलं नाही. तुझ्या आवाजावरून कधीच काही कळायचं नाही. सोमवार आला तेव्हा तुमच्या घरी चपलांना जागा नव्हती.

तुझे दिवस वगैरे झाले. मग एका दुपारी सुंदररावांचा फोन आला. नवरा म्हणून तुझा हिस्सा आता त्यांच्या नावावर. ते म्हणाले, "वैशालीबाई, मी बँकेत नोकरी केली, ठेवी मला कळतात. हे शेअर कळत नाहीत. आणि तो खेळ मी उघडतों तेव्हां..." मग म्हणाले, "सिंगापूरच्या त्या मुलीचा फोन होता. त्यांना घ्यायचेत. देऊन टाकतों. तुम्हाला चालेल ना?"

आपल्या करारात आहे की आधी मला विचारायचं. तसं ते विचारतच होते. पण तुझा हिस्सा विकत घ्यायची माझी ऐपत नाही, हे तुला माहीत होतं, मलाही. मी नाही घेतला तर तो सिंगापूरला घेता येतो. त्यांचा पाव आणि तुझा एक तृतीयांश मिळून अर्ध्याच्या वर जातात. तू त्यांना द्यायला तयार होतीसच. म्हणजे मी सुंदररावांना समजावून अडवलं तर तुझ्याविरुद्ध, न अडवलं तर माझ्याविरुद्ध. आणि ज्या माणसावर हे सगळं येऊन पडलं होतं, त्याला दोन्हींतलं काहीच नको होतं. त्याला फक्त फोन वाजायचा थांबायला हवा होता. मी म्हणाले, "मेई शुक्रवारी येते आहे. घरीच बोलू. मी येते."

आता शुक्रवार.

मी पोचले तेव्हा मेई आधीच आली होती. गल्लीत टॅक्सी शिरत नाही म्हणून ती मोठ्या रस्त्यापासून चालत आली होती आणि उन्हाने लाल झाली होती. हातात फळांची टोपली आणि एक लांबट पार्सल. पांढरे कपडे. कुणाला तरी विचारून घातले असावेत. सुंदरराव तिला म्हणाले, "बसा अम्मा," आणि कॉफी करायला आत गेले. कॉफी ते तुझ्या पद्धतीने करतात, म्हणजे त्यात वेळ जातो. आम्ही दोघी बाहेरच्या खोलीत. तुझा फोटो, हार, आणि खाली कोनाड्यात आत्याचा पाट.

मेईने कागद काढले नाहीत. ती पाटाकडे बघत होती. "त्यांनी मला प्रत्येक वेळी आधी एक डाव खेळायला लावला," ती म्हणाली. "आज कुणी लावणार नाही ना?"

पद्मा, आता काय सांगू. खेळाच्या कंपनीची मालकीण, आणि मला खेळ धड येत नाही, हे तुझं सगळ्या चेन्नईला सांगून झालं होतं. पण ती तसं म्हणाल्यावर मला बसून राहवेना. मी पाट काढला, पुसला, त्याच्याजवळच्या डब्यातले चिंचोके घरांत टाकले आणि म्हणाले, "बस."

पहिल्या डावात तिने मला पार लोळवलं. मी उचलायची एका घरातून आणि पेरताना एक घर विसरायची. एकदा तिच्या हातून चौथी बी माझ्या घरात पडली, तर तिने न सांगता चारही उचलून माझ्याकडे सरकवल्या. "तुमची गाय." तुझी शिकवण पक्की होती. ती एक गाय मिळूनही माझ्या बऱ्याच बिया तिच्याकडे गेल्या.

दुसरा डाव मांडायची वेळ आली. प्रत्येकाने आपापल्या बियांनी आपापली घरं भरायची. माझ्या बिया सहा घरांतच संपल्या. शेवटचं एक घर कोरडं राहिलं. मेईने लगेच आपल्या ढिगातून मूठभर चिंचोके माझ्याकडे लोटले. "घ्या ना. भरा. खेळ पूर्ण होईल." अगदी मनापासून म्हणाली ती. तिच्यात खोट नाही, तू बरोबर ओळखलं होतंस.

मी हात पुढे केला होता.

"नाही, नाही, अम्मा," मागून आवाज आला. सुंदरराव दारात उभे. दोन्ही हातांत कॉफी. "त्यांचं घर तुमच्या बियांनी भरायचं नाही. रिकामं राहूं द्या. त्यावर एक काडी ठेवा. त्यात आता कुणीच पेरायचं नाही, ते सोडून पुढं जायचं."

मेई कपाळावर हात मारून हसली. "हो! आमच्याकडे त्याला जळकं घर म्हणतात. आजी पण भरू द्यायची नाही."

"जळकं कशाला?" सुंदररावांना ते आवडलं नाही. ते खाली बसले, कॉफी बाजूला ठेवली, तुझ्या फोटोच्या हारातली एक काडी काढली आणि माझ्या त्या रिकाम्या घरावर आडवी ठेवली. "जळलं म्हणजे संपलं. हे झाकलेलं. पुढच्या डावात त्या जिंकल्या, बिया परत आल्या, की उघडायचं. तोवर रिकामं. पण घर त्यांचंच."

त्यांचं काडीवरचं बोट तसंच होतं. मी त्यांच्याकडे बघत नव्हते, मी कॉफीवरच्या फेसाकडे बघत होते, कारण अशा वेळी माणसाकडे बघू नये एवढं मला कळतं. गल्लीत कुणीतरी मोटरसायकल सुरू करत होतं, ती होत नव्हती.

"वैशालीबाई," ते म्हणाले, मराठीत, "मी विकत नाही."

"बरं," मी म्हणाले.

"मला काही कळत नाही त्यातलं."

"कळायला काही नाही. नावावर राहू द्या. वर्षातून एकदा सही करायची."

"सही करतों की." मग मेईकडे वळून इंग्रजीत, "अम्मा, माफ करा. तुम्ही इतक्या लांबून आलात. हे घर आम्ही झाकून ठेवतो आहोत. विकत नाही."

मेईने कागद बॅगेतच ठेवले. चेहरा पडला तिचा, खोटं सांगत नाही, तिलाही वर कुणाला तरी उत्तर द्यायचं होतं. पण ती म्हणाली, "राव सर, मी आमच्या वकिलांना घेऊन यायला हवं होतं. त्यांना तुम्ही नियम समजावले असते." सुंदरराव म्हणाले, "त्यांना पण हरवलं असतं. कॉफी गार होते आहे, घ्या."

तेव्हा मला कळलं, या माणसाला सगळे नियम कसे पाठ. तू रोज संध्याकाळी कुणाबरोबर खेळायचीस, हे मी कधी विचारलंच नव्हतं. प्रत्येक नवा डाव आधी घरी खेळून बघतें, एवढंच तू म्हणायचीस. समोर कोण बसतं ते मी धरूनच चालले होते, कुणीतरी शेजारची. ऑफिसला एकदाही न आलेला हा माणूस आपल्या गेमचा पहिला खेळाडू होता.

तुझा मुद्दा मात्र माझ्या डोक्यातून गेला नव्हता. टाकणारा नसेल तर गाय होत नाही. मेई रिकाम्या हाती गेली तर तिच्या कंपनीचा आपल्यातला रस हळूहळू आटेल, बाहेरच्या देशांतलं दार अर्धं लागेल, आणि शोळिंगनल्लूरला बसून आपण आपल्या मालकीकडे बघत राहू. बसून राहिलेलं मरतं. म्हणून तिला सोडायला मोठ्या रस्त्यापर्यंत चालत गेले आणि चालता चालता तिच्यासमोर दुसरी गोष्ट ठेवली. चिंचोकामधला त्यांचा पाव हिस्सा आहे तसाच राहील. पण तुझी ती वाघ-शेळ्यांची गेम, जिची चित्रं तू बैठकांमध्ये काढायचीस, ती दोन्ही कंपन्यांनी मिळून करायची. त्या एका गेमपुरती निम्मी-निम्मी भागीदारी. डिझाइन इथे, विक्री तिथे, नाव दोघांचं. नियम दोघांना विचारल्याशिवाय कुणी बदलायचे नाहीत.

ती म्हणाली, "शेवटची अट पद्मांची आहे."

"हो," मी म्हणाले. "बाकीच्या माझ्या."

काल संध्याकाळी तिचा मेसेज आला. तिच्या वरच्यांनी ऐकून घेतलं आहे. लगेच हो म्हणाले नाहीत, पण मसुदा पाठवा म्हणाले आहेत, आणि नको असलेल्या गोष्टीचा मसुदा कुणी मागत नाही. त्यांचा एकच प्रश्न होता. पद्मा नाहीत, तर तुमच्याकडे नियम कोण बघणार?

मी सुंदररावांना फोन लावला. मी म्हणाले, "उद्याची चिंच राहू द्या, सोमवारचं बोला. सकाळी तयार राहा. मी न्यायला येते." ते म्हणाले, "कुठं?" मी म्हणाले, "ऑफिसला. काम आहे." ते म्हणाले, "मला काय येतं?" मी म्हणाले, "हरवता येतं. मी बघितलं आहे." मग, "डबा आणूं काय?"

तर असं. तुझं अर्धं ऐकलं, माझं अर्धं ठेवलं. तू असतीस तर यावर सही केली असतीस की मला लिफ्टपर्यंत सोडून 'नको' म्हणाली असतीस, हे मी सांगू शकत नाही. तुझ्या तोंडी आता माझ्या सोयीची उत्तरं घालणार नाही. तुझं म्हणणं पूर्णपणे चूक होतं असं मला आजही वाटतं, फक्त पूर्वीइतकं नाही. आणि एक गोष्ट, जी बसमध्ये म्हणायची राहिली, जिन्यात राहिली, गाडीत राहिली: मी या गावात आले तेव्हा मला इथे कुणी नको होतं. मी दिवस मोजत होते, परतीच्या बदलीचे. पुढे नवऱ्याची बदली झालीही, आणि मी म्हणाले, तुम्ही पुढे व्हा, मला इथे कंपनी आहे. दोन वर्षं तो तिकडे आणि मी इकडे, शेवटी तोच परत आला. तुला वाटायचं मी कंपनीसाठी राहिले. असू दे.

चिंच संपत आली. डबा गोल चिंचोक्यांनी काठोकाठ भरला आहे. मेईने आणलेलं ते लांबट पार्सल म्हणजे तिच्या आजीचा चोंकाक निघाला. होडीच्या आकाराचा, दोन्ही टोकांना मोठी घरं. तिने तो आपल्या ऑफिसला दिला आहे. त्याच्याबरोबर कवड्या होत्या. त्या बाजूला ठेवल्या. तो आपल्या चिंचोक्यांनी भरायचा.

सोमवार.

सकाळी तिरुवल्लिकेणीला गेले. सुंदरराव गल्लीच्या तोंडाशी, तू उतरायचीस त्याच जागी, इस्त्रीच्या शर्टात उभे होते. एका हातात डबा, दुसऱ्या हातात आत्याचा पाट पिशवीत घालून. पूर्ण रस्ता ते खिडकीबाहेर बघत होते. ऑफिसात सगळे उठून उभे राहिले, त्यामुळे ते बिचकले. मी सगळ्यांना एकदाच सांगून टाकलं: कंपनी आहे तशीच आहे, पद्माचा हिस्सा घरातच आहे, नव्या गेमचा मसुदा आज जातो आहे, आणि हे राव सर, हे आपले नियम तपासणार. चहा मागवा.

तामरैने त्यांना आपल्या शेजारी बसवलं, हेडफोन घातले आणि आपली गेम सुरू करून दिली. नवा डाव मांडला गेला. शिट्टी झाली असणार, कारण सुंदरराव खुर्चीतून अर्धे उठले, हात गॅसकडे जावा तसा पुढे गेला. तामरैने माझ्याकडे बघितलं. मी जागची हलले नाही.

ते पुन्हा बसले. चष्मा सारखा केला.

"ही पहिलीच आहे," ते म्हणाले. "भाताला तीन लागतात." आणि त्यांनी पहिलं घर उचललं.